सात हजार सांधे

मोठ्या इमारतीत तळघरापासून वरच्या मजल्यापर्यंत भिंतीवरून एक चपटी लोखंडी पेटी चढत गेलेली दिसते. तो बसडक्ट. आत तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, त्यांवर इन्सुलेशन. तुकडे कारखान्यातून तयार होऊन येतात, जागेवर फक्त जोडायचे. पण सगळी मेख त्या 'फक्त'मध्ये आहे. पट्टी सहसा जळत नाही, जळतो तो सांधा.

ही डोकेदुखी विजेइतकीच जुनी. एडिसनने ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटचं वीजघर सुरू केलं, तेव्हा रस्त्याखाली वीस-वीस फुटांचे लोखंडी पाइप पुरले होते. आत तांब्याच्या कांबी आणि भोवती डांबरासारखं मिश्रण ओतलेलं. दोन पाइप जिथे भेटत तिथे बिडाची पेटी. पण तिथे दाब होता जेमतेम ११० व्होल्ट.

लंडनमध्ये फेरांटी नावाच्या तरुणाने थेट १०,००० व्होल्टची उडी मारली. १८८७ मध्ये डेप्टफर्डच्या वीजघराचं काम हाती घेतलं तेव्हा तो २३ वर्षांचा होता. विकतच्या केबल एवढ्या दाबाला टिकेनात, म्हणून त्याने स्वतःच नळी बनवली. तांब्याच्या नळीवर मेणात भिजवलेला तपकिरी कागद, त्यावर दुसरी तांब्याची नळी, पुन्हा कागद आणि बाहेर लोखंड. कागद आणि मेण, बस्स!

पण नळी ताठ, म्हणून तुकडे वीस फुटांचेच. डेप्टफर्डपासून शहरापर्यंत रेल्वेमार्गाच्या कडेने चार नळ्या, मिळून सुमारे २८ मैल. हिशेब करून पाहा, सांधे सात हजारांवर जातात. एक जरी बिघडला तरी ती नळी बंद.

फेरांटीने तुकड्याचं एक टोक पेन्सिलीसारखं निमुळतं केलं आणि दुसरं त्याच मापात आतून कोरलं. एकात एक दाबून बसवलं की कागदावर कागद लांबवर टेकतो आणि विजेला निसटायला जवळची वाट राहत नाही. आतल्या नळ्या तांब्याच्या दांड्याने जोडायच्या, बाहेरच्या तांब्याच्या बाहीने.

लोकांना भीती होती ती रस्ता खणणाऱ्या मजुराची. म्हणून चालू नळीत छिन्नी ठोकून दाखवली, आणि ती हातात धरून उभा होता फेरांटीचाच सहकारी! बाहेरची नळी जमिनीला जोडलेली, त्यामुळे छिन्नी आत शिरताच शॉर्टसर्किट होऊन फ्यूज उडाला. माणूस सुखरूप.

तरीही यश सरळ आलं नाही. नोव्हेंबर १८९० मध्ये ग्रोव्हनर गॅलरीतलं उपकेंद्र जळालं, पुरवठा काही महिने थांबला, ग्राहक गेले. १८९१ मध्ये फेरांटीही कंपनीतून बाहेर पडला. नळ्या मात्र राहिल्या. काही १९३३ पर्यंत वापरात होत्या.

आजच्या बसडक्टमध्ये मेणाच्या जागी पॉलिएस्टर किंवा इपॉक्सी आलं. सांध्यात ठरावीक ताकदीने आवळायचा बोल्ट आणि स्प्रिंगसारखा वाकडा वॉशर असतो. कारण लोड वाढला की पट्टी तापून फुगते, कमी झाला की आक्रसते, आणि बोल्ट हळूहळू ढिला होतो. ढिल्या सांध्यात उष्णता वाढते, उष्णतेने तो आणखी बिघडतो. बाहेरून काहीच दिसत नाही.

म्हणून एक सुचवतो. सोसायटीच्या सभेत रंगाचा विषय निघाला की बसडक्टचाही काढा. सांधे शेवटचे कधी तपासले, थर्मल कॅमेरा कधी फिरवला, एवढं विचारा. लिफ्टइतकीच तीही आपल्या जिवाशी जोडलेली आहे.