हॅच-बदल (शिडाची नौका)

शिडाच्या नौकेच्या डेकवर उजेड, वारा आणि ये-जा यांसाठी झाकणाचा झरोका ठेवतात. त्याला हॅच म्हणतात. ॲल्युमिनियमची चौकट, ॲक्रिलिकचे पारदर्शक झाकण, रबरी पट्टी, बिजागऱ्या आणि आतून आवळायच्या पकडी हे त्याचे भाग. उन्हाने ॲक्रिलिकवर केसासारख्या चिरा पडतात, रबर कडक होऊन चपटे होते आणि खाऱ्या पाण्यात पोलादी स्क्रूभोवतीचे ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडते. असे हॅच काढून नवे बसवणे म्हणजे हॅच-बदल.

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, आहुपे-दुर्गवाडीकडे, पावसाआधी घर शाकारणाऱ्याला या कामाचे मर्म सांगावे लागणार नाही. कौल एका जागी फुटते आणि पाणी वाशावरून ओघळत भलतीकडे ठिबकते. नौकेतही तसेच होते. बिछान्यावर थेंब पडतो म्हणून वरच्या हॅचला दोष देऊन चालत नाही. पाणी कित्येकदा दोन हात पुढच्या एखाद्या स्क्रूतून शिरलेले असते. म्हणून आधी गळती शोधावी. एकाने आत बसावे, दुसऱ्याने बाहेरून नळीचे संथ पाणी खालून वर असे टप्प्याटप्प्याने सोडावे. रबरी पट्टीवर खडू चोळून झाकण बंद केले की चौकटीवर खडू उमटत नाही तिथे फट आहे असे समजावे. पाणी पट्टीतून येत असेल तर पट्टी, झाकण व चौकट यांच्या सांध्यातून येत असेल तर झाकण बदलून भागते. चौकट वाकली वा कुजली असेल, किंवा जुन्या मापाचे सुटे भाग मिळत नसतील, तरच अख्खे हॅच काढावे.

खरी अडचण हॅचच्या खाली, डेकच्या पोटात असते. एक ओळखीचे उदाहरण घेऊ: गोव्यात दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली ‘म्हादेई’ ही ५६ फुटी शिडाची नौका २००९ साली भारतीय नौदलात दाखल झाली. दिलीप दोंदे यांनी तिच्यातूनच २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तर अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता. तिची बांधणी लाकडी गाभ्यावर फायबरग्लास अशी आहे. अशा बांधणीत, आणि आत बाल्सा किंवा प्लायवुड असलेल्या असंख्य जुन्या डेकमध्येही, भोक पाडले की गाभ्याची कड उघडी पडते. ती नीट बंद केलेली नसली तर वर्षानुवर्षे पाणी मुरते. वरून डेक धड दिसतो, आत लाकूड पिठासारखे झालेले असते. जुनी चौकट उचलल्यावर कड टोचून पाहणे हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा क्षण, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. मऊ लागलेला गाभा कोरून काढावा, उरलेला पूर्ण वाळू द्यावा आणि कड घट्ट इपॉक्सीने (सुकून कडक होणाऱ्या राळेने) भरावी. स्क्रूची भोकेही मोठी पाडून इपॉक्सीने बुजवावीत व पुन्हा लहान पाडावीत. हे टाळून नवे हॅच बसवणे म्हणजे कुजक्या वाशावर नवी कौले चढवणे.

नव्या हॅचचे माप बाहेरच्या कडेवरून घेऊ नये. भोकाची लांबी-रुंदी आणि कोपऱ्यांची गोलाई मोजावी. भोक लहान असेल तर कापता येते, मोठे असेल तर भरून आणावे लागते. डेकला बाक असतो, चौकट मात्र सपाट असते. स्क्रू आवळून तिला बाकावर बसवले तर ती पिळवटते आणि झाकण कधीच नीट बसत नाही. खाली इपॉक्सीची सपाट बैठक तयार करावी, तिच्यावर सीलंट (फट बुजवणारा लवचिक लेप) लावून मगच चौकट ठेवावी. स्क्रू आधी हलकेच आवळावेत म्हणजे सीलंटचा थर टिकतो. तो सुकल्यावर शेवटचा पीळ द्यावा.

सीलंट निवडताना हयगय महागात पडते. अर्ध्या मीटरचे ॲक्रिलिक ४० अंशांच्या फरकाने सुमारे १.४ मिलिमीटर वाढते, तेवढेच ॲल्युमिनियम अर्धा मिलिमीटर. हा फरक सोसणारे लवचिक सिलिकॉन झाकणासाठी वापरावे. पॉलिसल्फाइड ॲक्रिलिकला चिरा पाडते, म्हणून ते फक्त चौकट आणि डेक यांच्यामध्ये चालते. झाकण ॲसिटोनने कधीही पुसू नये.

लहान नौकांच्या हॅचची मजबुती व जलरोधकता यांसाठी आयएसओ १२२१६ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. दक्षिण महासागरात लाट सबंध डेकवरून जाते. तिथे हॅच हे नौकेच्या छताइतकेच तिच्या भिंतीचे काम करते. म्हणून स्वस्त, हलके हॅच पुढच्या डेकवर बसवू नये, आणि तिथले झाकण आत उघडणारे तर नसावेच.

मुंबईत गेटवेसमोरचा नांगरतळ नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याला उघडा असल्याने शिडाच्या नौका पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवतात. नौका हाताशी आहे म्हणून याच दिवसांत डेक उघडण्याचा मोह होतो. तो टाळावा. दमट हवेत गाभा वाळत नाही आणि इपॉक्सी नीट धरत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी हे कोरडे महिने या कामाला उत्तम. मे महिन्यात करावेच लागले तर सीलंट पहाटे, डेक तापण्याआधी भरावे.