‘तेच’ नाट्यगृह म्हणजे कोणते?

कवठे महांकाळात बसून नाट्यगृहावर बोलायचे म्हणजे जरा पंचाईतच. आमच्या लहानपणी इथे नाटक म्हणजे जत्रेतली कनात, तमाशाचा फड आणि बसायला घरून नेलेले पोते. पक्के नाट्यगृह पाहायचे तर छोट्या गाडीने मिरज गाठायची, नाहीतर त्याही पुढे कोल्हापूर. शिकायला कोल्हापुरात राहिलो तेव्हा केशवराव भोसले नाट्यगृहाच्या मागच्या स्वस्त रांगा आम्ही पुष्कळ झिजवल्या. ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. कलावंत जमले ते काळवंडलेल्या भिंतींसमोर, आणि मोठमोठी माणसे रडत होती.

आधी इतिहास थोडा नीट पाहू. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले होते. रोममधले कोलोसियम त्यांनी पाहिले आणि तिथली कल्पना मनात धरून कोल्हापुरात खासबागेचे कुस्तीचे मैदान उभे केले. १९१२ साली ते तयार झाले. मैदान कसे, तर बशीसारखे. हौदा खोलगट मध्यभागी आणि माणसे चारी बाजूंनी चढत्या उतारावर. शेवटच्या माणसालाही पट दिसलाच पाहिजे. या मैदानाला लागूनच महाराजांनी नाट्यगृह काढले. १९१३ ला काम सुरू झाले, १९१५ ला संपले. नाव होते पॅलेस थिएटर. आत प्रेक्षकांच्या नजरेआड येईल असा मध्ये खांब नाही. म्हणजे बघा, कुस्ती आणि संगीत नाटक शेजारी शेजारी, आणि दोन्हीकडे नियम एकच: पैसे देऊन आलेल्या प्रत्येकाला दिसले पाहिजे. नाट्यगृहात त्याला एक भर, ऐकूही आले पाहिजे. माईक नव्हते हो तेव्हा! नटाचा गळा आणि वास्तूची पोकळी, एवढ्यावरच सगळा कारभार.

ज्यांचे नाव या वास्तूला १९५७ साली दिले, ते केशवराव कोल्हापूरचेच. त्यांनी १९०८ साली हुबळीत ‘ललितकलादर्श’ काढली. जुलै १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर ‘संयुक्त मानापमान’ केले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात, वयाच्या एकतिसाव्या वर्षी ते गेले. शाहू महाराजही १९२२ मध्ये गेले. वास्तू मात्र शंभर वर्षे चालत राहिली.

आगीत छत आणि रंगमंच गेला, दगडी भिंती बऱ्याच उभ्या राहिल्या. लगेच मागणी झाली की ‘होते तसेच बांधा’. सरकारने निधी जाहीर केला. मागणी रास्त आहे, पण इथेच आमच्यातला तत्त्वज्ञानाचा मास्तर जागा होतो. होते तसे, म्हणजे कधी होते तसे? १९१५ चे? १९५७ चे? की मधल्या दुरुस्त्यांनंतरचे, खुर्च्या बदललेले, ज्यात तुम्ही-आम्ही बसलो ते?

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो: महाराज, आपण रथातून आलात ना? मग रथ म्हणजे आस का? चाके का? जू का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग रथ आहे तरी कुठे? नागसेनाला त्यातून आत्म्याविषयी बोलायचे होते. आम्हाला एवढ्यापुरतेच घ्यायचे आहे की दगड मोजून ‘तेच’पण हाती लागत नाही.

इटलीतल्या व्हेनिसचे ला फेनिचे नाट्यगृह १९९६ साली जळाले. तिथेही घोष हाच होता, होते तिथे आणि होते तसे. २००३ मध्ये ते उघडले. नक्षी, सोनेरी मुलामा, सारे पुन्हा केले. याच्या अगदी उलट अमेरिकेतल्या डेट्रॉइटचे मिशिगन थिएटर. १९२६ चे, सुमारे चार हजार आसनांचे. शहराच्या मध्यातून वस्ती सरकली, प्रेक्षक आटले. पाडावे तर लगतच्या ऑफिसच्या इमारतीला धोका, म्हणून सत्तरच्या दशकात आतून पोखरून त्यात मोटारी लावायची सोय केली. वरचे नक्षीदार छत अजून आहे, खाली गाड्यांच्या रांगा. गंमत अशी की हेन्री फोर्डने आपली पहिली गाडी ज्या जागी बनवली, तिथेच हे थिएटर उभे राहिले होते. दगड तेच, छत तेच. पण त्याला नाट्यगृह म्हणाल का?

आमचे मत विचाराल तर नाट्यगृहाची ओळख त्याच्या कामात आहे, दिसणे आणि ऐकू येणे यांत. रंगमंचापासून शेवटच्या रांगेचे अंतर, जमिनीचा उतार, छताची उंची, बिनखांबी पोकळी, हे इंचाइंचाने जपावे. बाहेरच्या रंगावरून मात्र आम्ही भांडणार नाही. पुष्कळ मंडळी दर्शनी भागाच्या फोटोवरच खूश होतात, ते आम्हाला पटत नाही.

अडचण दुसरीकडे आहे. जुन्या नाट्यगृहांत आवाज गोड लागतो त्यात लाकडाचा आणि कापडी पडद्यांचा मोठा वाटा असतो, आणि पेटते तेही तेच. शिकागोचे इरोक्वॉय थिएटर ‘आगीपासून सुरक्षित’ अशी जाहिरात करून १९०३ च्या नोव्हेंबरात उघडले आणि ३० डिसेंबरला पेटले. आग अडवणारा पडदा मध्येच अडकला, काही दारांना कुलपे होती, काही दारे आत उघडणारी होती. सहाशेवर माणसे गेली, त्यांत बायका-मुले फार. दारे बाहेर उघडावीत यासारखे नियम त्यानंतर कडक झाले. कोल्हापुरात त्या रात्री प्रयोग चालू नव्हता, हे नशीब. तेव्हा दारे, वायरिंग, पाण्याची सोय या बाबतीत ‘होते तसे’ अजिबात नको. आवाजाच्या बाबतीत मात्र हवे. हे दोन्ही एका छताखाली बसवणे स्थापत्याच्या आणि ध्वनीच्या जाणकारांचे काम आहे, भाषणे करणाऱ्यांचे नाही, त्यात आम्हीही आलो.

पडदा पुन्हा वर जाईल तेव्हा आम्ही मागच्या रांगेचेच तिकीट काढणार आहोत. नांदी सुरू झाली की माईक पाच मिनिटे बंद ठेवा, अशी चिठ्ठी आत पाठवू. ऐकतील की नाही, बघू.