प्रश्न विचारणारा अर्ज

गेल्या वर्षीची गोष्ट. यजमान वारल्यानंतर माझी मावशी घरच्या गॅसची जोडणी स्वतःच्या नावावर करून घेण्याच्या खटपटीत होती. कार्यालयाचा फोन लागेना, तेव्हा कोणीतरी सुचवले की मोबाइलवरून निरोप पाठवा, लगेच उत्तर येते. उत्तर खरोखरच लगेच आले. 'नमस्कार! आपल्याला काय करायचे आहे?' आणि त्याखाली तीन बटणे: सिलिंडर नोंदवा, बिल पाहा, तक्रार करा. मावशीचे काम या तिन्हींत नव्हते. तिने सरळ लिहिले, 'हे गेले. आता जोडणी माझ्या नावावर करायची आहे.' उत्तर आले, 'कृपया वरीलपैकी एक पर्याय निवडा.' तिने पुन्हा लिहिले, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या वेळी तिने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "याला ऐकू येत नाही का रे?"

मावशीचा प्रश्न अगदी योग्य होता. यंत्राने माणसाचे बोलणे ऐकून त्याचे काम करून द्यावे, या प्रयत्नाला आता साठ वर्षे होत आली. त्या इतिहासात 'ऐकणे' आणि 'काम करून देणे' या दोन गोष्टी कशा एकत्र आल्या आणि पुन्हा कशा दुरावल्या, ते पाहू या.

ऐकल्यासारखे करणारी एलायझा

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये जोसेफ वायझेनबॉम यांनी एक संगणक-प्रोग्रॅम तयार केला. त्याविषयीचा लेख १९६६ साली प्रसिद्ध झाला. प्रोग्रॅमचे नाव 'एलायझा'. बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' नाटकातील नायिकेचे हे नाव. याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' लिहिले, तेव्हा ही एलायझा म्हणजे आपल्या मंजुळेची बहीणच म्हणायची!

एलायझाची युक्ती सोपी होती. समोरच्याच्या वाक्यात काही ठरावीक शब्द शोधायचे आणि तेच वाक्य फिरवून प्रश्न म्हणून परत करायचे. समजा, तुम्ही लिहिले की 'आई माझ्यावर रागावते', तर 'घरच्यांबद्दल आणखी सांगा' असे काहीतरी उत्तर यायचे. मानसोपचारतज्ज्ञाच्या भूमिकेत हे शोभूनही दिसे. लोक तिच्याशी मनातले बोलू लागले आणि ते पाहून खुद्द वायझेनबॉम अस्वस्थ झाले. कारण एलायझाला काहीही समजत नव्हते. शिवाय तिच्याकडून कोणतेही काम होण्यासारखे नव्हते. गप्पा कितीही चालोत, तिकीट काही निघणार नव्हते.

रकान्यांची चौकट

तिकिटाचा प्रयत्न झाला तो कॅलिफोर्नियात, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात. डॅनियल बॉब्रो, टेरी विनोग्राड, डोनाल्ड नॉर्मन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी 'गस' नावाचा प्रोग्रॅम बनवला. त्याचा लेख १९७७ साली प्रसिद्ध झाला. गसला एकच काम येत असे: कॅलिफोर्नियातील एखाद्या शहरापर्यंतचा विमानप्रवास, जाऊन-येऊन, ठरवून देणे.

हे समजण्यासाठी आपला रेल्वे आरक्षणाचा छापील अर्ज डोळ्यांसमोर आणा. गाडी क्रमांक, तारीख, कोठून, कोठे, वर्ग, नाव, वय. सगळे रकाने भरल्याशिवाय खिडकीवरचा कारकून पुढे सरकत नाही. गसच्या पोटात असाच एक अर्ज होता. संशोधक त्याला 'चौकट' म्हणत. ही कल्पना त्याच सुमारास मार्विन मिन्स्की यांनीही मांडली होती. प्रत्येक रकान्यासोबत तो भरून घेण्याचा प्रश्न होता. कोणता रकाना रिकामा आहे ते पाहायचे आणि त्याचा प्रश्न विचारायचा, हा त्या संभाषणाचा गाभा.

एवढेच असते, तर त्यात विशेष काही नव्हते. पण माणसे रकान्यांच्या क्रमाने बोलत नाहीत. गसने विचारले, किती वाजता निघायचे? ग्राहकाने सांगितले, सकाळी दहाच्या आत मला पोहोचायचे आहे. हे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. पण गसने ते पोहोचण्याच्या वेळेच्या रकान्यात घातले आणि त्यावरून योग्य विमान सुचवले. परतीची तारीख विचारल्यावर ग्राहक म्हणाला, 'शुक्रवारी संध्याकाळी'. कोणता शुक्रवार? जाण्याच्या तारखेनंतरचा. हे गसने आपले आपण ठरवले, कारण काही रकान्यांना छोट्या सूचना जोडलेल्या होत्या. काही सूचना गरज पडल्यावर बोलावल्या जात, तर काही रकाना भरताच आपोआप जाग्या होत. शेवटी गस सगळा प्रवास पुन्हा सांगून पक्का करत असे.

गसच्या निर्मात्यांनी एक गोष्ट प्रांजळपणे लिहून ठेवली आहे. असे प्रोग्रॅम फार नाजूक असतात. ठरल्या वाटेपासून संभाषण जरा बाजूला गेले, की ते कोलमडतात.

पडद्यामागचा माणूस

मग लोक नेमके कसे बोलतात, हे आधीच कळावे कसे? जॉन केली या संशोधकाने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला यासाठी एक नामी पद्धत वापरली. त्याला भेटीगाठींची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम बनवायचा होता. प्रोग्रॅम तयार होण्यापूर्वीच त्याने लोकांना संगणकासमोर बसवले. त्यांना वाटे, यंत्र उत्तर देते आहे. प्रत्यक्षात दुसऱ्या खोलीत बसलेला माणूस उत्तरे टंकित करत होता. लोकांनी वापरलेले शब्द आणि वाक्यरचना गोळा करून मग प्रोग्रॅम लिहिला गेला. हळूहळू माणसाची मदत कमी करत शेवटी ती काढून घेतली. पडद्याआड बसलेल्या जादूगाराच्या प्रसिद्ध बालकथेवरून ही पद्धत 'विझर्ड ऑफ ऑझ' या नावाने ओळखली जाते. तिचे मर्म एवढेच की आधी ऐका, मग अर्ज आखा.

बटणांचा काळ

व्यापारी जगाला मात्र घाई होती. अमेरिकेत १९६३ साली बटणांचे टेलिफोन ग्राहकांना मिळू लागले होते. पुढे त्यांच्या आधाराने 'अमुक हवे असल्यास एक दाबा' ही पद्धत रूढ झाली. आता ऐकण्याचा प्रश्नच उरला नाही. २००४ साली टेलिफोनवरील अशा संभाषणांसाठी 'व्हॉइस-एक्सएमएल' या भाषेची दुसरी आवृत्ती प्रमाण ठरली. तिच्यातही अर्ज आणि रकानेच आहेत. पण तिने आणखी दोन प्रसंगांना मुद्दाम नावे दिली: उत्तर आलेच नाही तर काय करायचे, आणि उत्तर आले पण जुळले नाही तर काय करायचे. मावशीची अडचण यातली दुसरी.

नंतर मोबाइलवरचे निरोप आले. २०२१ साली आपल्यापैकी अनेकांनी कोविड लसीकरणाचे प्रमाणपत्र व्हॉट्सॲपवरून मिळवले. हे कमी महत्त्वाचे नव्हे; तेथे काम एकच होते, रकाने मोजके होते आणि म्हणून ते झटपट होई. पण या निरोपांना मर्यादाही आहेत. व्हॉट्सॲपवरील अशा निरोपाखाली उत्तराची तीनच बटणे देता येतात. यादी दिली तर तिच्यात जास्तीत जास्त दहा पर्याय. साहजिकच निरोप लिहिणारा रोज हजारो लोकांना लागणारी कामे निवडतो. नवरा वारल्यावर नाव बदलणे हे काम माणसाला आयुष्यात एखाद्या वेळीच लागते. ते यादीबाहेर राहते. पण ज्याला लागते त्याला ते फार निकडीचे असते.

ऐकले, पण जबाबदारी कोणाची?

नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅट-जीपीटी' आले आणि मोकळेपणाने लिहिलेले वाक्य यंत्राला समजल्यासारखे होऊ लागले. मग बटणांची अडचण संपली का? एक प्रकरण पाहू. त्याच महिन्यात कॅनडात आजी वारल्यामुळे निघालेल्या एका प्रवाशाने एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील संवाद-प्रोग्रॅमला अशा प्रसंगी मिळणाऱ्या सवलतीविषयी विचारले. आधी तिकीट काढा, नव्वद दिवसांत अर्ज करा, असे त्याला उत्तर मिळाले. प्रत्यक्षात कंपनीचा नियम तसा नव्हता आणि सवलत नाकारली गेली. कंपनीने असाही बचाव केला, की हा संवाद-प्रोग्रॅम स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे! फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणाने तो फेटाळून प्रवाशाला भरपाई देववली.

म्हणजे एलायझा नुसते ऐकल्यासारखे करी. गस थोडे ऐके आणि नेमके काम करी. बटणांनी ऐकणे सोडले आणि चौकट तेवढी ठेवली. आता यंत्र पुन्हा छान ऐकू लागले आहे. पण ते ऐकणे बरोबर नियमाशी, बरोबर रकान्याशी बांधायचे काम माणसाचेच आहे, आणि चुकले तर उत्तरही माणसानेच द्यायचे आहे.

वर्गात हा प्रयोग सहज करता येईल. शाळेच्या कार्यालयातून बोनाफाईड दाखला मिळवण्याचे संभाषण घ्या. एक विद्यार्थी पडद्याआड 'यंत्र' होईल आणि आधी लिहून ठेवलेले प्रश्नच विचारील. दुसरे विद्यार्थी एकेक करून दाखला मागतील. त्यांची न जुळणारी उत्तरे फळ्यावर लिहा. दहा जणांनंतर प्रश्नांची यादी दुरुस्त करा आणि शेवटी एक ओळ घाला: 'यात न बसणाऱ्याने कोणाला भेटावे?'

मावशी अखेर कार्यालयात गेली. खिडकीवरच्या बाईंनी तिचे वाक्य पुरे होऊ दिले, 'कधी गेले?' एवढेच विचारले आणि खणातून दुसराच अर्ज काढून तिच्यापुढे ठेवला.