गुत्ता, परवाना आणि शेजारी

मराठवाड्यात रस्त्याचे किंवा इमारतीचे काम घेणाऱ्याला गुत्तेदार म्हणतात. पुण्या-साताऱ्याकडचा पाहुणा हा शब्द पहिल्यांदा ऐकतो तेव्हा जरा दचकतो, कारण त्याच्या लेखी गुत्ता म्हणजे दारूचा अड्डा. दोन्ही अर्थ एकाच घरातले आहेत. गुत्ता म्हणजे मक्ता. दारू विकण्याचा हक्क सरकार मक्त्याने देई आणि मक्ता ज्याने घेतला त्याचे दुकानही लोकांच्या तोंडी गुत्ता झाले. मक्ता हा दोघांचा व्यवहार. देणारे सरकार, घेणारा दुकानदार. ज्याच्या दारासमोर ते दुकान उघडणार तो शेजारी या व्यवहारात कुठेच नव्हता. तो त्यात कसा शिरला आणि किती शिरला, याचा इतिहास आज थोडक्यात पाहू.

मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे जमीनमहसुलाच्या खालोखाल उत्पन्न होते ते अबकारीचे. शिंदी आणि मोहाची दारू ही त्यातली मुख्य पेये. शेजारच्या मुंबई इलाख्यात इंग्रजांनी १८७८ साली अबकारी कायदा केला आणि दारू गाळण्यापासून विकण्यापर्यंतचा सारा कारभार सरकारच्या हाती घट्ट आवळला. राज्य निजामाचे असो की इंग्रजांचे, जास्त दुकाने म्हणजे जास्त महसूल हा हिशेब सारखाच होता.

या हिशेबावर पहिली ठळक हरकत घेणाऱ्यांत महात्मा जोतीराव फुले होते. ते तेव्हा पुणे नगरपालिकेचे सभासद होते. जुलै १८८० मध्ये त्यांनी पालिकेच्या व्यवस्थापक मंडळीच्या हंगामी अध्यक्षांना पत्र लिहिले. शहराच्या वस्तीत दारूची दुकाने वाढत आहेत, त्यांनी लोकांची घरे बुडत आहेत, आणि नगरपालिका तर शहराच्या आरोग्यासाठी पैसा खर्च करते, असा त्यांचा मुद्दा होता. दुकानांना आळा बसावा म्हणून पालिकेने त्यांच्यावर कर बसवावा, असे त्यांनी सुचवले. दुकानाला परवानगी देणारे सरकार वेगळे आणि त्याचे परिणाम निस्तरणारे शहर वेगळे, ही अडचण या पत्राने नेमकी पकडली होती. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, तरी ती पुरती सुटलेली नाही.

पुढे १९०८ साली पुण्यात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने स्वयंसेवक दारूच्या दुकानांपुढे उभे राहिले आणि गिऱ्हाइकांना हात जोडून परत पाठवू लागले. सरकारने त्यांच्यावर खटले भरले. दुकान कायदेशीर आणि त्यापुढे उभा राहणारा गुन्हेगार, असा तो न्याय होता.

स्वातंत्र्यानंतर काटा दुसऱ्या टोकाला गेला. १९४९ साली मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा झाला. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९५९ साली हा कायदा इकडेही लागू झाला. दारूबंदी असली तरी दारू होतीच, फक्त ती चोरून हातभट्टीवर मिळू लागली. साठ आणि सत्तरच्या दशकांत सरकारने बंदी सैल केली आणि 'परमिट रूम' हा शब्द घरोघरी पोचला. गंमत अशी, की आजही राज्यातल्या प्रत्येक बारचा परवाना ज्या कायद्याखाली दिला जातो त्याचे नाव दारूबंदी कायदाच आहे.

आता आपल्या शहराकडे वळू. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून राज्याने वाईन शॉप आणि देशी दारूच्या दुकानांचे नवे परवाने देणे थांबवले. त्याच दशकात तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सिडकोची वसाहत उभी राहू लागली. मागोमाग वाळूजची औद्योगिक वसाहत वाढली. शहर फुगत गेले, परवाने मात्र जुनेच. मग नव्या वसाहतीत दुकान आले कुठून? ते आले स्थलांतराने. एखादा जुना परवाना विकत घ्यायचा, जागा बदलून मागायची आणि नव्या वस्तीत फलक लावायचा. कागदावर नवे दुकान एकही नसते. समोरच्या घरातल्या माणसासाठी मात्र ते कालपर्यंत नव्हते आणि आज आहे. रस्त्यात आडव्या लावलेल्या दुचाकी, ओट्यावर पडलेल्या बाटल्या, क्लासवरून परतणाऱ्या मुलींनी बदललेली वाट, या त्याच्या तक्रारी असतात.

या तक्रारींना नियमांत उत्तर आहे ते मीटरचे. शाळा किंवा देवस्थानापासून ७५ मीटरच्या आत दुकान नको. घर या यादीत नाही. त्यामुळे अनेक वाद टेपने मोजण्यापाशी येतात. मोजायचे ते दारापासून की कुंपणापासून, सरळ रेषेत की पायवाटेने? माणसाचे म्हणणे अंतरात बदलून सांगावे लागते, तेव्हाच ते फायलीत चढते.

२००८ साली राज्याने आणखी एक दार उघडले. वॉर्डातील किंवा गावातील चौथा हिस्सा महिला मतदारांनी मागणी केली, तर मतदान घ्यायचे. चिठ्ठीवर एक उभी बाटली, एक आडवी. आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते पडली, तर दुकान बंद. अनेक गावांनी असे करून दाखवले आहे. पण अट नीट ऐका. झालेल्या मतदानाच्या निम्मे नव्हे, यादीतल्या एकूण नावांच्या निम्म्याहून अधिक. म्हणजे जी आली नाही तिचे मत आपोआप दुकानाच्या बाजूचे. मराठवाड्यात दिवाळीनंतर गावेच्या गावे ऊसतोडीला जातात. तेव्हा मतदान झाले, तर कोयता घेऊन कारखान्यावर गेलेली बाई आपल्या गावातल्या दुकानाला नकळत जीवदान देते.

१५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दुकाने बंद करण्याचा निकाल दिला. हेतू होता दारू पिऊन गाडी चालवण्याने होणारे अपघात रोखण्याचा. १ एप्रिल २०१७ पासून अंमलबजावणी सुरू झाली आणि राज्यभर दुकानदार आतल्या जागा शोधू लागले. 'आत' म्हणजे वसाहती. जालना रोड, बीड बायपास, पैठण रोड अशा मोठ्या रस्त्यांच्या कडेने पसरलेल्या आपल्या शहरात याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको. अनेक शहरांत महिला रस्त्यावर उतरल्या. जुलैमध्ये न्यायालयाने शहरी हद्दीतील दुकानांबाबत खुलासा केला आणि ताण सैल झाला. महामार्गावरच्या प्रवाशाचा विचार करताना गल्लीतल्या रहिवाशाचा विचार राहून गेला होता.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. दुकानदाराने भांडवल घातलेले असते, त्याच्याकडे नोकर असतात, परवाना कायदेशीर असतो. दुकान बंद झाल्याने दारू बंद होतेच असे नाही. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली आलेली बंदी २०२१ साली उठवली, तेव्हा सरकारने अवैध दारूचेच कारण पुढे केले. शिवाय आपल्याच शहराच्या औद्योगिक वसाहतींत बिअर तयार होते. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला या कारखान्यांच्या पाण्यात कपात करा, असे सांगावे लागले, हे अनेकांना आठवत असेल. रोजगार आणि महसूल या खऱ्या गोष्टी आहेत, तशाच शेजाऱ्याच्या तक्रारीही.

मार्च २०२५ मध्ये विधिमंडळात घोषणा झाली, की गृहनिर्माण सोसायटीच्या गाळ्यात नवे बिअर किंवा दारूचे दुकान काढायचे, तर सोसायटीचे ना-हरकत पत्र लागेल. सोसायटीतल्या रहिवाशाला आता विचारले जाईल. पण रस्त्यापलीकडच्या बैठ्या घरातल्या, गुंठेवारीतल्या, भाड्याच्या खोलीतल्या माणसाला कोण विचारणार? त्याची सोसायटी नाही.

आजवर शेजाऱ्याला बहुतेक वेळा दुकान उघडल्यावरच तोंड उघडता आले. मग मोर्चा, टेप, सह्या, मतदान. एवढे करण्यापेक्षा जागा बदलण्याचा अर्ज आला की त्याची नोटीस त्या गल्लीत लावावी, एक दिवस ठरवून दोन्ही बाजू ऐकाव्यात आणि निर्णयाची कारणे लिहून द्यावीत. काही अर्ज तरीही मंजूर होतील, काही नामंजूर होतील. पण जोतीरावांनी पत्र लिहून जे मागितले होते, त्यातले निदान इतके तरी त्या गल्लीच्या पदरात पडेल.