नवें कार्ड, जुना संगणक

नांदेड जिल्ह्यांतील उमरी हें गांव ज्या लोहमार्गावर आहे, तो सिकंदराबाद–मनमाड मार्ग निजामाच्या राजवटींत मीटरमापी बांधला गेला. मुंबईकडून मनमाडास येणारा मार्ग मात्र रुंदमापी होता. त्यामुळें मराठवाड्याचा माल मनमाडास पोंचला, कीं तो एका वाघिणींतून उतरवून दुसऱ्या वाघिणींत चढवावा लागे. वाघीण धड, रूळही धड. अडचण काय ती दोहोंच्या मापाची. पुढें हा मार्ग रुंदमापी झाला आणि ती मालबदली संपली.

संगणकाच्या इतिहासांतही असा प्रसंग वारंवार आलेला आहे. जुन्या संगणकांत नवें ग्राफिक्स कार्ड बसवावें, कळ दाबावी, पंखा फिरूं लागावा, परंतु पडदा मात्र काळाच राहावा! अशा वेळीं गृहस्थ समजतो, कीं कार्ड खराब निघालें व पैसे बुडाले. वस्तुतः कार्ड पुष्कळदां निर्दोष असतें. संगणक सुरू होतांच मदरबोर्डावरील एका चिपेंतील आज्ञावली प्रथम जागी होते आणि बाकीच्या भागांस जागें करते. हिलाच फर्मवेअर म्हणतात. तिची भाषा आणि कार्डाची भाषा जुळली नाहीं, तर पडद्यावर अक्षर उमटावें कसें?

या तंट्याचें मूळ फार जुनें आहे. आयबीएम कंपनीनें १९८१ सालीं आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारांत आणला. त्याच्या फर्मवेअरला बायोस असें नांव होतें. पडद्याचें काम करणाऱ्या त्या वेळच्या कार्डांस लागणाऱ्या आज्ञा या बायोसमध्येंच होत्या; कार्डावर निराळी आज्ञावली असेल, ही कल्पना त्यास नव्हती. पुढें १९८४ सालीं ईजीए हें रंगीत कार्ड आलें, तें स्वतःची आज्ञावली स्वतःच्या चिपेंत घेऊनच. ती शोधून चालविण्याची रीत आयबीएमनें ऑक्टोबर १९८२ च्या बायोसपासून घातली होती. बायोसनें स्मृतीचा ठरावीक भाग तपासावा, आरंभीं नेमलेली खूण दिसली कीं कार्डास कारभार सोंपवावा, अशी ती रीत. त्यापूर्वीच्या यंत्रांना ही खूण पाहण्याचें ठाऊकच नव्हतें. कार्ड आपल्या जागीं तयार असे, पण त्यास हांक मारणारा कोणी नसे. उपाय एकच: मदरबोर्डावरील बायोसची चिप बदलणें.

हा करार पुढें सुमारें तीस वर्षें टिकला. १९९० नंतरच्या दशकाअखेर इंटेल कंपनीनें नव्या पद्धतीची आखणी आरंभिली. २००५ सालीं अनेक कंपन्यांनीं मिळून ती आपल्या हातीं घेतली व तिला युईएफआय हें नांव मिळालें. विंडोज ८ बरोबर, म्हणजे २०१२ पासून, ती घरोघरीं पोंचली. संक्रमणकाळीं मदरबोर्डांवर जुन्या बायोसची नक्कल करणारी सोय ठेविली गेली. मनमाडच्या मालबदलीचेंच तें काम. इंटेलनें २०१७ सालीं ही सोय क्रमाक्रमानें बंद करण्याचा विचार जाहीर केला. तथापि जुनीं यंत्रें वापरांत राहिलींच. २०२३ सालीं एनव्हिडिया कंपनीनें आरटीएक्स ४०६० टीआय या कार्डाचें फर्मवेअर सुधारण्याचें साधन दिलें, तें कांहीं मदरबोर्डांवर आरंभीं पडदा काळा राहतो म्हणूनच.

मराठी वाचकास या इतिहासांतील एक पान विशेष जवळचें वाटेल. कानपूरच्या आयआयटींत जन्मलेलें जिस्ट तंत्र १९८८ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत वाढलें. जिस्ट कार्ड संगणकांत बसविलें, कीं इंग्रजीसाठीं लिहिलेल्या साध्या अक्षरी प्रोग्रामांतही देवनागरी उमटे. पुढें चित्रमय विंडोज आली, मदरबोर्डांवरून तें कार्ड ज्यांत बसे त्या आयएसए खांचाही नाहींशा झाल्या, आणि हें गुणी कार्ड निरुपयोगी ठरलें. परंतु त्याच्याबरोबर वाढलेली अक्षरांची संकेतावली, इस्की, १९९१ सालीं भारतीय मानक झाली. तिच्या १९८८ च्या मसुद्यावरच युनिकोडमधील देवनागरीची मांडणी आधारलेली आहे. कार्ड गेलें, उघडपणें लिहून ठेविलेला करार राहिला.

यांतून घरगुती शहाणपण निघतें तें असें. जुन्या यंत्रासाठीं कार्ड घेण्यापूर्वीं मदरबोर्डाचें नांव, त्याच्या फर्मवेअरची तारीख आणि कार्ड कोणती पद्धत मागतें हें पाहावें. पडदा काळा राहिल्यास कार्ड फेंकण्याआधीं तें दुसऱ्या संगणकांत लावून पाहावें, उत्पादकानें सुधारलेलें फर्मवेअर दिलें आहे काय याचा शोध घ्यावा. यंत्राचा दोष आणि मापाचा फरक या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या ओळखतां आल्या, तर पुष्कळ चांगल्या वस्तू भंगारांत जाण्यापासून वांचतील.