क्रिसचे गाव कोणते?

सुरतेचे नाव घेतले की मराठी माणसाला दोन साले आठवतात, १६६४ आणि १६७०. शिवाजी महाराजांच्या दोन स्वाऱ्यांनी हे बंदर आपल्या इतिहासात कायमचे कोरले गेले. पूर्वेकडच्या बेटांवर मात्र त्याच काळात सुरतेची ओळख होती ती कापडाची. जावा-सुमात्राच्या बाजारात मिरी आणि लवंग घ्यायची तर तिथे गुजरातच्या कापडाला मागणी असे; इंग्रज आणि डच यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी इथे वखारी घातल्या त्यामागे हेही एक मोठे कारण होते. तापीच्या पलीकडच्या तीरावरील रांदेरचे विद्वान नूरुद्दीन रानिरी १६३७ साली सुमात्रातील आचे येथे गेले, तिथल्या सुलतानाच्या दरबारी मानाने राहिले आणि १६४४ साली मायदेशी परतले. रानिरी म्हणजे रांदेरचे. त्यांचे गाव त्यांच्या नावातच आहे.

शस्त्राच्या बाबतीत एवढी सोय नसते. जावा, बाली, सुमात्रा, सुलावेसी या बेटांवरची क्रिस ही कट्यार आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एखाद्या जुन्या पेटीत निघाली, तर ती कुठली म्हणायची? घरचे लोक सहज म्हणतील, ‘सुरतेच्या लुटीतली.’ पण वस्तू परकी दिसते एवढ्यावरून ती लुटीतली ठरत नाही. आधी वस्तूलाच विचारले पाहिजे.

बहुतेक जण प्रथम पात्याची वळणे मोजतात. ही वळणे नेहमी विषम असतात, तीन, पाच, सात, नऊ अशी. काही पाती तर अगदी सरळही असतात. पण हे सगळ्याच बेटांवर आढळते, त्यामुळे केवळ वळणांवरून गाव कळत नाही.

अधिक बोलते ती मूठ. मध्य जावाची मूठ साधारणपणे लाकडी, सडपातळ, वरच्या टोकाशी किंचित झुकलेली असते आणि तिच्यावर बारीक कोरीवकाम असते. बालीची मूठ मोठी. कधी तिच्यावर देव किंवा राक्षसाची आकृती, कधी सोने आणि खडे. दक्षिण सुलावेसीतील बुगी लोकांची मूठ पिस्तुलासारखी वाकलेली असते. म्यानही साक्ष देते: जावात त्याच्या तोंडाशी नावेसारखा ऐटदार आकार असतो, किंवा रोजच्या वापराचा गोलसर आकार. पात्याची लांबीही पाहावी. बालीचे पाते सहसा जावाच्या पात्याहून लांब व जड, आणि घासून गुळगुळीत केलेले. जावाच्या पात्याचा पृष्ठभाग खरखरीत ठेवलेला. सुमात्रात लांब, अरुंद, सरळ पाती आढळतात.

आता खरी अडचण. मूठ आणि म्यान बदलता येतात. पाते पिढ्यान्‌पिढ्या चालते आणि नव्या धन्याच्या घरी नवा पोशाख घालते. जावात घडलेले पाते बालीच्या मुठीत बसलेले असू शकते. मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. आपल्याकडची ‘फिरंग’ म्हणजे युरोपात घडलेले पाते आणि इथली मूठ. ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात असलेली, कोल्हापूरहून गेलेली ‘जगदंबा’ तलवारही तशीच: पाते युरोपीय, मूठ भारतीय. ती मराठ्यांची नाही असे कोणी म्हणेल का? घडली कुठे आणि नांदली कुठे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दोन्हींची उत्तरे खरी असू शकतात.

वस्तूची साक्ष संपते तिथे कागद लागतो. जावाचा राजपुत्र दिपोनेगोरो १८३० साली डचांच्या हाती पडला. त्याचा क्रिस हॉलंडच्या राजाकडे गेला, तिथून संग्रहालयात पोहोचला आणि इतर क्रिसांच्या गर्दीत त्याची ओळखच हरवली. जुन्या नोंदी पडताळून अभ्यासकांनी तो शोधला आणि २०२० साली तो इंडोनेशियाला परत देण्यात आला. तरीही नोंदीतले नाव आणि पात्याचा घाट जुळतात का, यावर तिथल्या जाणकारांत वाद झाला. एक चिठ्ठी वस्तूपासून सुटली की एका राष्ट्राची आठवण जवळजवळ दोनशे वर्षे बेपत्ता होते.

म्हणून आपल्या घरी असे शस्त्र असेल तर दोन गोष्टी करा. पहिली, ते चिंच-राखेने घासून चकचकीत करू नका. क्रिसच्या पात्यात साध्या लोखंडाबरोबर निकेलयुक्त लोखंडाचे थर ठोकून बसवलेले असतात. लिंबाचा रस आणि सोमल यांच्या प्रक्रियेने लोखंड काळे होते, निकेल पांढरे राहते आणि नक्षी उमटते. एका दुपारच्या घासण्याने ती नाहीशी होते, आणि तिच्याबरोबर ओळखीची खूणही.

दुसरी, एका कागदावर चार ओळी लिहून ठेवा: पाते कसे, मूठ कशी, म्यान कसे, आणि हे आपल्या घरी कोणाकडून आले. चौथी ओळ आजी-आजोबांना विचारूनच लिहिता येते, आणि ती विचारायला उशीर करू नये. ‘सुरतेची लूट’ हे शब्द मात्र पुराव्याशिवाय त्यात घालू नका. या बंदरातून तलवारीपेक्षा तागडीने कितीतरी अधिक माल हलला आहे.