सहा कलदार, सात हाली : सोलापूरच्या वेशीवरचा बट्टा

१/
परदेशी निघालेल्या माणसाला आज पडणारे प्रश्न ठरलेले असतात. पैसे कुठे बदलावेत, किती बदलावेत, उरलेल्याचे काय करावे? सोलापूरच्या माणसाला हेच प्रश्न १९४८ पूर्वी तुळजाभवानीच्या दर्शनाला जाताना पडत. अंतर सुमारे ४५ किलोमीटर. पण वाटेत दोन राज्यांची आणि दोन रुपयांची सीमा होती.

२/
सोलापूर हा मुंबई इलाख्यातला इंग्रजी अमलाखालचा जिल्हा. तुळजापूर, नळदुर्ग, धाराशिव ही गावे निजामाच्या हैदराबाद संस्थानात. लोकांच्या बोलीत 'मोगलाईत'. इकडे इंग्रजांचा 'कलदार' रुपया चाले, तिकडे निजामाचा 'हाली सिक्का'. दोन्ही रुपयांचे १६ आणे, दोन्ही आण्यांच्या १२ पै. नावे सारखी, मोल मात्र निराळे.

३/
'कल' म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला तो कलदार. 'हाली' म्हणजे सध्या चालू असलेला. मराठीतला 'हल्ली' हा शब्द त्याच कुळातला. संस्थानात पूर्वी अनेक टाकसाळींची नाणी फिरत असत. त्यांच्या गर्दीत 'चालू नाणे कोणते' हे सांगण्याची गरज होती, ती या नावातच दिसते.

४/
दोन रुपयांत फरक का होता? उत्तर धातूत आहे. कलदार रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा आणि हिणकस. त्यात शुद्ध चांदी सुमारे ९.१ ग्रॅम. म्हणजे हालीत कलदाराच्या साधारण सहा-सप्तमांश चांदी. पुढे रूढ झालेला दरही तोच : ६ कलदार म्हणजे ७ हाली.

५/
हा दर मात्र सदैव स्थिर नव्हता. १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने आपल्या टाकसाळी खाजगी चांदीसाठी बंद केल्या. त्यानंतर कलदाराचे मोल निव्वळ चांदीच्या भावावरून काढता येईना. विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबादने चारमिनारची मुद्रा असलेला नवा रुपया काढला आणि हळूहळू दराला स्थैर्य आले. पहिल्या महायुद्धातील चांदीच्या टंचाईमुळे १९१८ पासून संस्थानाच्या नोटाही निघू लागल्या. त्यांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कन्नडलाही जागा होती.

६/
या दोन चलनांच्या सांध्यावर सोलापूर जिल्हा वसलेला होता. १८६० मध्ये रेल्वे सोलापुरास पोचली, १८७० च्या दशकात कापडगिरणी उभी राहिली. बार्शीची पेठ मोगलाईतल्या मालावर वाढली. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे थेट लातूरपर्यंत गेली. मराठवाड्याचे वारकरी पंढरपुरास येत, सोलापूरचे भाविक तुळजापुरास जात. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर सोलापुरात कलदारात मजुरी घेत. त्यांची मूळ गावे हालीच्या मुलखात होती.

७/
या देवघेवीच्या मध्यभागी होता सराफ. आज हा शब्द सोन्याचांदीच्या दुकानाशी जोडला जातो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मात्र नाणी पारखणारा आणि बदलून देणारा. नाणे बदलताना जी कपात होई ती 'बट्टा'. चांगल्या नाण्यालाही दुसऱ्या राज्यात बट्टा लागे. 'नावाला बट्टा लागणे' या वाक्प्रचारामागे हाच व्यवहार आहे.

८/
आता हिशोब पाहावा. एक कलदार आणा म्हणजे नेमक्या १४ हाली पै. इथवर सोपे. पण एक कलदार पैसा, म्हणजे ३ पै, बदलला तर साडेतीन पै होतात आणि पैच्या खाली नाणेच नाही. उलट बाजूने एक हाली रुपया म्हणजे १३ आणे ८ पै आणि वर एका पैचे चार-सप्तमांश. हा अपूर्णांक गिऱ्हाइकाच्या पदरात पडणे कठीणच होते.

९/
म्हणून सहाच्या पटीत बदलणे हिताचे. सहा रुपयांचे पुरे सात, सहा आण्यांचे पुरे सात. मध्ये काही सांडत नाही. पण हा शहाणपणा ज्याच्या गाठी एकरकमी सहा रुपये आहेत त्याच्याच उपयोगाचा. ज्याला आज एक पैसा आणि उद्या एक पैसा मोडून घ्यावा लागे, त्याचा प्रत्येक वेळी थोडा थोडा तोटा होई. चलनबदलाचा भार अशा रीतीने सर्वांत गरिबावर सर्वांत जास्त पडतो.

१०/
दुसरा धोका बरोबरीचा. एका कलदाराचे १८ आणे ८ पै हाली होतात. मोगलाईतल्या दुकानदाराने 'रुपयाला रुपया' म्हणून कलदार घेतला, तर गिऱ्हाइकाचे २ आणे ८ पै जात. तिसरा धोका परतीचा. गरजेपेक्षा जास्त हाली घेतले की उरलेले पुन्हा कलदार करताना दुसऱ्यांदा बट्टा लागे.

११/
मोठ्या रकमेत तर शब्दागणिक पैसा होता. १०० रुपये हाली म्हणजे सुमारे ८५ रुपये ११ आणे कलदार. खतात 'हाली' की 'कलदार' हे स्पष्ट नसेल, तर शंभरामागे चौदा रुपयांहून अधिकचा तंटा उभा राही. सीमेवरच्या कर्जदाराला व्याजाच्या दराइतकेच नाण्याच्या नावावरही लक्ष ठेवणे भाग होते.

१२/
१९४७ मध्ये हा व्यवहाराचा प्रश्न सत्तेचा झाला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत आणि हैदराबाद यांच्यात 'जैसे थे' करार झाला. त्यानंतर थोड्याच काळात निजाम सरकारने वटहुकूम काढून भारतीय चलन संस्थानात अवैध ठरवले. आपले नाणे ही आपल्या सार्वभौमत्वाची खूण, असा त्याचा अर्थ होता. भारत सरकारने हा कराराचा भंग मानला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने नळदुर्गाकडे निघाले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.

१३/
सत्ता चार-पाच दिवसांत बदलली. नाणे बदलायला मात्र काही वर्षे लागली. विलीनीकरणानंतर, प्रजासत्ताक भारतातही, निजामाचा रुपया भारतीय रुपयाच्या जोडीने चालत राहिला. दर तोच : ७ ला ६. शेतकऱ्याच्या गाडग्यातली आणि व्यापाऱ्याच्या पेटीतली बचत एका फर्मानाने रद्द करणे म्हणजे नव्या राज्याने आपल्याच प्रजेला लुबाडणे ठरले असते.

१४/
आजच्या प्रवाशासमोरचे सापळे याच जातीचे आहेत. विमानतळावरची खिडकी घाईची किंमत वसूल करते. थोडे थोडे पैसे बदलणाऱ्याला शुल्क वारंवार पडते. उरलेले परकी चलन परत करताना दुसरी कपात होते. परदेशातले कार्डयंत्र 'रुपयांत बिल हवे का?' असे विचारते, तेव्हा होकार देणारा बहुधा महाग दर पत्करतो. तेथील स्थानिक चलन निवडणे सहसा स्वस्त पडते. फळ्यावर लिहिलेला दर सर्वांनाच दिसतो. तोटा होतो तो अपूर्णांकात, घाईत आणि न विचारलेल्या प्रश्नात.

१५/
कोजागरीला सोलापुराहून हजारो भाविक आजही तुळजापूरची वाट पायी चालतात. वाटेत लागते ती केवळ जिल्ह्याची हद्द. देवीपुढे ठेवायचा रुपया त्यांना कुठेही मोडून घ्यावा लागत नाही. एक देश, एक नाणे ही गोष्ट आज इतकी सवयीची आहे की तिचा लाभ हिशोबात धरला जात नाही. त्या वाटेवर पूर्वी चाललेल्यांनी मात्र तो पै-पैने मोजला असता.